स्वीप पिकिंग आणि माझी गवसणीतली सतार

दोन महिने आमच्या घरात चारच सूर वाजत होते. सा, कोमल ग, प आणि वरचा सा. मग परत प, कोमल ग, सा. मग पुन्हा तेच. सकाळी कॉलेजला जायच्या आधी, संध्याकाळी आल्यावर, रात्री जेवणं उरकल्यावर. वाजवणारा आमचा नातू, वय वर्षे १९. वाद्य इलेक्ट्रिक गिटार.

तुम्ही म्हणाल, तरुण मुलगा घरात बसून रियाज करतोय, आजीला आणखी काय हवं? कबूल आहे. पण एका रविवारी दुपारी जरा डोळा लागला होता आणि वरून ते चार सूर पुन्हा सुरू झाले. मी तणतणत जिना चढून गेले आणि म्हणाले, "अरे, हे काय संगीत आहे का? ही तर सर्कस झाली!"

तो काही बोलला नाही. वायर काढली, गुंडाळली, गिटार पिशवीत घातली आणि चेन लावली. त्यानंतर पाच आठवडे घरात एक सूर वाजला नाही. माझी दुपारची झोप मात्र त्या पाच आठवड्यांत काही नीट झाली नाही.

मी ३४ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पोरांना पहिल्याच तासाला सांगायचे की आधी साधनं पाहा, मग मत बनवा. स्वतःवर वेळ आली तेव्हा बाई साधनं न बघताच निकाल देऊन मोकळ्या! म्हणून एक दिवस चहा घेऊन वर गेले आणि त्याला विचारलं, "तू वाजवत होतास त्याला म्हणतात काय रे?"

"जाऊ दे ना आजी."

"सांग तर."

"स्वीप पिकिंग."

"स्वीप म्हणजे?"

"झाडू मारणं," तो म्हणाला आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा थोडासा हसला.

पुढचं बरचसं मी कॉम्प्युटरवर शोधून, थोडं त्याला विचारून आणि बरंच ऐकून गोळा केलं आहे. माझ्यासारख्या अडाण्यांना कळावं म्हणून जरा पाल्हाळ लावते. जाणकारांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

गिटारला सहा तारा. उजव्या हाताच्या चिमटीत प्लास्टिकचा एक छोटा तिकोनी तुकडा धरतात, तो पिक. सतारीची नखी बोटात घालतात, हा चिमटीत धरतात. तार छेडायची साधी पद्धत म्हणजे एक आघात खाली, एक वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. सतारीवरचे दा आणि रा तेच. एका तारेवर हे उत्तम चालतं, आणि सतारीवर आपण गाणं बहुतेक सगळं बाजाच्या एकाच तारेवर वाजवतो, त्यामुळे अडत नाही. पण गिटारवर एका तारेवर एकच सूर घेऊन लगेच पुढच्या तारेवर जायचं असेल तर पंचाईत होते. पहिल्या तारेवर आघात खाली झाला, म्हणजे पिक आपल्या आपण दुसऱ्या तारेकडे निघालेला आहे. पण नियमाने दुसरा आघात वर हवा! म्हणजे त्याने दुसरी तार ओलांडून पलीकडे जायचं आणि मागे वळून तिला छेडायचं. जिना उतरताना दर पायरीला एक पाऊल पुढे टाकून परत मागे यावं, तशातला प्रकार. सावकाश जमतं. वेग वाढला की हात अडखळतो.

स्वीप पिकिंगवाला म्हणतो, वळायचंच कशाला? पिक एका तारेवरून सुटला की पुढच्या तारेवर जाऊन टेकू द्या, तिथून पुढच्या. खाली, खाली, खाली. परत येताना वर, वर, वर. तीन वेगळे आघात नाहीतच, एकच लांबलेला हात आहे. (गंमत अशी की हात जमिनीकडे जातो तेव्हा सूर आकाशाकडे चढतो, कारण जाड तारा वरच्या बाजूला असतात. हे समजायला मला दोन दिवस लागले.)

आता यात काय मोठं, असं मलाही वाटलं. सतारीवर आलापाच्या सुरुवातीला आपण तरफेच्या तारांवरून नखी फिरवतो, सगळ्या तारा झणझणत उठतात. गाणाऱ्यांच्या मांडीवरच्या स्वरमंडळावर तर दुसरं काही नसतंच. मग ही पोरं दोन दोन वर्षं कसला घाम गाळतात?

फरक असा की तरफा झणझणल्या, एकमेकींत मिसळल्या, तर त्यातच शोभा आहे. इथे मात्र एक सूर संपल्याशिवाय दुसरा सुरू व्हायला नको आणि दोन सूर एकत्र राहायला नकोत. राहिले तर ती तान होत नाही, नुसता खडखडाट होतो. म्हणजे झाडू मारतो उजवा हात, पण परीक्षा डाव्या हाताची. पडद्यावर बोट ठेवलं, सूर वाजला, की त्याच क्षणी तो सूर बंद करायचा. बंद करायचा म्हणजे बोट उचलायचं नाही. उचललं तर मोकळी तार वाजते. फक्त दाब सोडायचा. बोट तारेला लागलेलंच आहे, पण पडद्यावर दाबलेलं नाही. तार गप्प. तेवढ्यात पुढच्या बोटाने पुढची तार दाबलेली हवी. उजव्या हाताचा तळवा मागे राहिलेल्या जाड तारांवर टेकलेला हवा, कारण इलेक्ट्रिक गिटारवर न छेडलेली तारसुद्धा कुजबुजते. आणि शेजारच्या दोन तारांवरचे सूर एकाच पडद्यावर आले तर एकच बोट टोकाकडून पेराकडे लोळवायचं, म्हणजे पहिली तार सुटते आणि दुसरी दबते.

ते दोन महिने नातू हे करत होता. मला रोज तेच चार सूर ऐकू येत होते. त्याला त्यातला प्रत्येक वेगळा ऐकू येत होता: हा उशिरा सुटला, हा आधीच्यात मिसळला, हा दबलाच नाही.

हे सगळं कुठून आलं, हा माझा मूळ विषय. नातवाचा समज असा होता की हे १९८०च्या दशकातल्या लांब केसवाल्यांनी शोधलं. तसा तो चूक नाही, पण इतिहासाच्या बाईंना एवढ्या अलीकडे थांबणं जमत नाही.

अरबांचं ऊद हे वाद्य स्पेनमार्गे युरोपात गेलं आणि त्याचं ल्यूट झालं. ऊद लांबट पात्यासारख्या नखीने वाजवतात आणि त्यात एक जुनी रीत आहे: आघात केला की नखी पुढच्या तारेवर जाऊन विसावते. स्वीप पिकिंगचं बी मला यात दिसतं. ल्यूटही आधी पक्ष्याच्या पिसाच्या देठाने वाजवत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाच वाद्यावर दोन-तीन स्वरावली एकदम वाजवायची आवड वाढली, आणि वादकांनी पीस टाकून देऊन बोटं वापरायला सुरुवात केली. त्याच सुमाराचा एक दुवा आमच्या घरात सापडला. नातू ज्या कागदावरून शिकतो त्यावर आडव्या सहा रेघा आणि त्यांवर आकडे असतात. रेघ म्हणजे तार, आकडा म्हणजे पडदा. याला ते टॅब म्हणतात. ही लिपी नवी नाही. व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०७ साली ल्यूटची अशीच आकड्यांची पुस्तकं छापली होती. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सव्वाशे वर्षं! हे सांगितल्यावर नातवाने तो कागद उलटसुलट करून पाहिला.

सूर एकत्र न छेडता एकामागून एक उलगडायचे, याला तिकडे अर्पेजिओ म्हणतात. शब्द इटालियन आहे आणि त्याच्या पोटात 'हार्प' हे वाद्य आहे. व्हायोलिनवाल्यांनी हे फार पूर्वी साधलं होतं. बाखने १७२०च्या हस्तलिखितात त्याच्या प्रसिद्ध 'शाकोन'मध्ये काही ठिकाणी नुसते स्वरसमूह लिहून 'अर्पेजिओ' एवढीच सूचना दिली आहे. कसं उलगडायचं ते वादकाने ठरवावं. पुढे जिनोआचा निकोलो पागानिनी आला (१७८२–१८४०). त्याचे २४ 'काप्रिस' १८२०मध्ये छापले गेले. त्यातला पहिलाच पाहा, म्हणजे ऐका. गज चारही तारांवरून उड्या मारत जातो आणि तसाच परत येतो. गजाच्या जागी पिक ठेवा, की झालं स्वीप. पागानिनी स्वतः गिटारही वाजवायचा आणि गिटारसाठी त्याने बरंच लिहिलं, हे मला या निमित्ताने कळलं. लोक त्याला काय म्हणायचे ठाऊक आहे? सैतानाशी करार केलाय म्हणून असं वाजवतो! मी निदान सर्कसवरच थांबले होते.

पिकने गिटार वाजवणाऱ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटला तो जँगो राइनहार्ट. बेल्जियममध्ये १९१० साली भटक्या जमातीत जन्मलेला, पॅरिसच्या आसपास तांड्यात वाढलेला. १९२८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या गाडीच्या घराला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जळून आखडली. पुन्हा सूर लावायला त्याला उरली दोन बोटं, तर्जनी आणि मध्यमा. आखडलेली बोटं तो स्वरसमूह धरताना कशीबशी टेकवायचा. दोन बोटांनी एका तारेवर भराभर सूर घेता येत नाहीत, पण तिरकं एका तारेवरून दुसरीवर चढत जाता येतं. त्याच्या वादनात असे तिरके उलगडे जागोजागी आहेत. १९३४ मध्ये स्तेफान ग्रापेल्ली या व्हायोलिनवादकाबरोबर त्याने पॅरिसमध्ये तारवाद्यांचा संच काढला, त्याची ध्वनिमुद्रणं आज सहज ऐकायला मिळतात. त्याच्या परंपरेतले लोक अजून उजव्या हाताची एक शिस्त पाळतात: तार बदलली की आघात खालीच, आणि पिक पुढच्या तारेवर विसावलेला. चढताना ते अर्ध स्वीपच होतं. ऊदची रीत मला इथे पुन्हा भेटली. ती जँगोच्या लोकांपर्यंत सरळ वाटेने आली की त्यांची त्यांना सापडली, यावर पैज लावायला मी तयार नाही.

अमेरिकेत १९५०च्या दशकात लेस पॉल, बार्नी केसेल, टॅल फार्लो हे जॅझवाले अशा तऱ्हेने तारांवरून पिक सरकवत होते. त्यातल्या टॅल फार्लोबद्दल मला फार माया वाटते. हा मूळचा पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता रेडिओ ऐकून गिटार शिकला. पंजा एवढा मोठा की लोक त्याला 'ऑक्टोपस' म्हणत. नाव झालं, आणि १९५८ मध्ये गडी सगळं सोडून समुद्रकाठच्या एका लहान गावी जाऊन पुन्हा पाट्या रंगवायला लागला. असो, विषय सोडून चालले.

या लोकांकडे स्वीप ही फोडणीसारखी गोष्ट होती, मधूनच टाकायची. ते मुख्य अन्न झालं १९८०च्या दशकात, आणि त्याचं कारण हातात नाही, यंत्रात आहे. गिटारचा आवाज मुद्दाम फाडून, घट्ट करून ऐकवणारी यंत्रं तोवर आली होती. त्यात हलका आघात आणि जोराचा आघात जवळजवळ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे पिक नुसता घसरला तरी प्रत्येक सूर ठणठणीत निघतो. पण त्याच यंत्रात चुकून हललेली तारही तेवढीच मोठी ऐकू येते. सूर काढणं सोपं झालं आणि सूर बंद करणं अवघड.

स्टॉकहोमचा इंगवे माल्मस्टीन (जन्म १९६३) हा या पिढीचा म्होरक्या. १९८४ मध्ये त्याची 'रायझिंग फोर्स' ही तबकडी आली. गुरू कोण म्हणाल तर तो पागानिनीचं नाव घेतो. दोन वर्षांनी 'क्रॉसरोड्स' नावाच्या हॉलिवूडपटात गिटारची जुगलबंदी दाखवली, त्यात सैतानाच्या बाजूने वाजवणारा स्टीव्ह वाय आणि त्याला हरवणारी धून पागानिनीच्या पाचव्या काप्रिसवर बेतलेली. सैतान काही पागानिनीचा पिच्छा सोडत नाही!

माझ्यातल्या मास्तरणीला मात्र पटला तो फ्रँक गॅम्बाले. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात १९५८ साली जन्मलेला. लॉस एंजेलिसच्या गिटार शाळेत शिकला आणि तिथेच शिकवायला लागला. इतरांनी स्वीप वापरलं, याने त्याचं व्याकरण बसवलं. साधं गणित आहे. एका तारेवर तीन सूर वाजवा: खाली, वर, खाली. शेवटचा आघात खाली, म्हणजे पिक पुढच्या तारेकडे निघालेलाच आहे, त्याला जाऊ द्या. पण एका तारेवर दोन किंवा चार सूर घेतले तर शेवटचा आघात वर येतो आणि पुन्हा मागे वळायची कटकट. म्हणून एकाच दिशेने जायचं तर प्रत्येक तारेवर विषम संख्येने सूर घ्या. जिथे दिशा फिरवायची असेल तिथे सम. झालं! चार ओळींचा नियम, पण आता स्वीप नुसत्या उलगड्यांपुरतं राहिलं नाही, सरळ सप्तकसुद्धा त्याने वाजू लागलं. १९८८ मध्ये त्याची या विषयावरची शिकवणीची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि जगभरची पोरं ती मागेपुढे करून झिजवू लागली. वर्गात तीस वर्षं खडू झिजवणाऱ्या बाईला याचं अप्रूप वाटणारच.

हे सगळ्यांनी मानलं असं मात्र नाही. जॉन मॅकलॉफलिनचं नाव आपल्याकडे ठाऊक आहे. १९७५च्या सुमारास झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' उभी करणारा. त्याचा वेग अफाट, पण तो प्रत्येक सुराला वेगळा आघात देतो, दा-रा-दा-रा, आपल्या वाटेने. 'शक्ती'साठी त्याने खास गिटार बनवून घेतली होती. तिला पोटावरून आडव्या तरफा होत्या आणि मींड घेता यावी म्हणून पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं होतं. ती पाहून मी नातवाला म्हटलं, "ही तर आमच्या मिरजेची वाटते." तो म्हणाला, "आजी, माल्मस्टीनच्या गिटारचं लाकूडपण असंच कोरलेलं असतं." मग मी गप्प बसले.

आता जेसन बेकर. नातवाच्या खोलीत याचंच चित्र लावलेलं आहे, आणि मी इतके दिवस तो कुणीतरी सिनेनट समजत होते.

कॅलिफोर्नियातल्या रिचमंड गावचा, जन्म १९६९. सतराअठराव्या वर्षी मार्टी फ्रीडमन या मित्राबरोबर 'कॅकॉफनी' नावाचा संच, १९८७ मध्ये पहिली तबकडी. १९८८ मध्ये एकट्याची 'पर्पेच्युअल बर्न'. त्यावेळी पोरगं एकोणीस वर्षांचं. मी ती ऐकली. पहिल्यांदा ऐकताना वेगाशिवाय काही हाती लागलं नाही. नातवाने सांगितलं तसं तिसऱ्यांदा ऐकलं, फक्त दोन सुरांच्या मधली जागा ऐकायची असं ठरवून. एवढ्या वेगातही प्रत्येक सूर सुटा आहे. मोत्याच्या माळेत दोन मोत्यांमध्ये गाठ मारलेली असावी तसा. हे वाजवायला जी बोटं लागतात ती किती तास तेच तेच करत बसली असतील, आणि त्याच्या घरच्यांनी ते कसं ऐकून घेतलं असेल, हे माझ्या मनात आलंच.

मग त्याला डेव्हिड ली रॉथ या मोठ्या गायकाच्या ताफ्यात बोलावणं आलं. विसाव्या वर्षी याहून काय हवं? त्याच सुमाराला डावा पाय जड वाटायला लागला. निदान झालं एएलएस. मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप हळूहळू बंद करणारा रोग. डॉक्टरांनी तीन ते पाच वर्षं दिली. रॉथच्या तबकडीचं ध्वनिमुद्रण त्याने पूर्ण केलं, पण हातातलं बळ जात चाललं होतं. म्हणून त्याने गिटारला बारीक तारा चढवल्या, म्हणजे दाबायला कमी जोर लागेल. ती तबकडी १९९१ च्या जानेवारीत आली. ताफ्याबरोबर दौऱ्यावर जाणं त्याला जमलं नाही.

पुढे हात गेले, चालणं गेलं, १९९६ मध्ये बोलणंही गेलं. त्याच्या वडिलांनी अक्षरांचे गट पाडून एक युक्ती बसवली: डोळे कोणत्या दिशेला वळले त्यावरून गट, पुन्हा वळले त्यावरून अक्षर. अशी अक्षरं जुळवून शब्द, आणि शब्दांतून सूर. हा सूर इतका लांब, तो तिथे थांबव, इथे अमुक वाद्य. संगणकावर बसलेला माणूस ते मांडणार. १९९६ मध्ये त्याची 'पर्स्पेक्टिव्ह' आली आणि २०१८ मध्ये 'ट्रायम्फंट हार्ट्स', ज्यात त्याच्यासाठी स्टीव्ह वाय, पॉल गिल्बर्ट, त्याचा जुना मित्र मार्टी फ्रीडमन अशा कितीतरी जणांनी गिटार वाजवली. डॉक्टरांनी दिलेल्या वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

हे मी कॉम्प्युटरवर वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वरच्या मजल्यावर नातू जागा होता, आणि गिटार पिशवीत होती.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती मी घरातही कधी नीट सांगितलेली नाही. मी चौदाव्या वर्षापासून मिरजेला सतार शिकत होते. सांगली-मिरज म्हणजे हाकेचं अंतर, आणि मिरजेत वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीतून जाताना भोपळे सुकत घातलेले दिसायचे. माझी सतार त्याच गल्लीतली. बी.ए. होईपर्यंत रोजचा दोन तास रियाज. उस्तादबिस्ताद काही झाले नसते, पण हात बरा होता. १९७५ मध्ये लग्न झालं. सासरी आल्यावर पंधराएक दिवसांनी मी दुपारी सतार काढली आणि दा-रा घोटायला बसले. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने दारातून विचारलं, "हे टुणटुण किती दिवस चालणार आहे?" आवाज चढवून नाही, सहजच. मी सतारीला गवसणी घातली. कुणी बंदी केली नव्हती, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. नंतर नोकरी, मुलं, पेपर तपासणं. गवसणी अधूनमधून धुतली तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला म्हटलं, "मी तुला जे बोलले ते चुकलं माझं." तो एकदम अवघडला. "अगं आजी, ठीक आहे ना." मग जरा वेळाने त्याने विचारलं, "पण तुला खरंच सर्कस वाटतं का?" मी म्हटलं, "कधीकधी वाटतं." हे खोटं बोलायला नको होतं म्हणून खरं सांगितलं. तानेवर तान फेकणारे गवई ऐकतानाही मला तसं वाटतं, आणि माल्मस्टीन ऐकताना दहाव्या मिनिटाला वाटतंच. तो म्हणाला, "मलापण." आणि वर जाऊन वायर जोडली.

पुढचं ऐकून तुम्ही हसाल. महिन्याभराने मीच त्याला म्हटलं, मला दाखव. त्याची जुनी साधी गिटार होती, ती दिली. शेवटच्या तीन तारा, अनामिका चौदाव्या पडद्यावर, मध्यमा तेराव्या, तर्जनी बाराव्या आणि करंगळी सतराव्या. त्याचे तेच चार सूर! बारावा पडदा ते सतरावा, करंगळीला हा पल्ला म्हणजे आमच्या घरापासून काशी. सांधेदुखीमुळे अनामिका सकाळी वळतच नाही, म्हणून दुपारी बसते, तो कॉलेजला गेल्यावर. पहिले काही दिवस मी प्रत्येक तारेला वेगळा आघात देत होते, हात दा-रा विसरत नाही. तो म्हणायचा, "आजी, मारू नकोस. पडू दे पिकला." शिकवायला कडक आहे. कुणावर गेलाय ते सांगायला नको.

मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरुवात करतात. मला ४० पासून करावी लागली. सध्या ४८ वर आहे. ५२ लावलं की अनामिका वेळेवर सुटत नाही आणि पहिला सूर दुसऱ्यात सांडतो.

येत्या गुरुवारी सतार घेऊन मिरजेला जायचंय. घोडी पार झिजली आहे, जवारी काढून तारा नव्या चढवायच्या आहेत. नातू म्हणतो तोही येणार. त्याला तरफा पाहायच्या आहेत.